ओव्हाळ सरांचा तिसरा रकाना

परिशिष्ट 'ब'. एकट्याने वास्तव्य करणाऱ्या ज्येष्ठ सभासदांचे माहिती पत्रक. दोन प्रतींत सादर करावे. खाडाखोड चालणार नाही.

१. नाव: श्री. सुखदेव तुकाराम ओव्हाळ.
२. वय: सहासष्ट पूर्ण.
३. पत्ता: सदनिका क्र. सात, दुसरा मजला, मंगळवार पेठ, पुणे.
४. व्यवसाय: सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. सेवा चौतीस वर्षे, समाधानकारक.
५. पत्नी सोबत राहतात काय: होय. तूर्त हिंजवडी येथे.
६. प्रकृती: रक्तदाब, नियंत्रणात.
७. छंद: वाचन.
८. सामाजिक सहभाग: आहे.
९. भेटीस येणारे नातेवाईक: पत्नी व नात, दर रविवारी, नियमित.

हे पत्रक सोसायटीचे सेक्रेटरी सीताराम बिबवे यांनी ऑक्टोबरात घरोघर वाटलं आणि आठवड्याने गोळा केलं. पाचव्या रकान्याशी ते अडले.

"सर, तुम्ही एकटे राहता की नाही?"

"पत्नी आहे."

"आहेत, पण कुठे आहेत?"

"हिंजवडीला. मुलाकडे. नात लहान आहे."

"मग एकटेच की."

"तूर्त लिहिलंय ना."

"तूर्त म्हणजे किती दिवस झाले?"

"आठ वर्षं," सर म्हणाले. बिबव्यांनी पत्रक घडी करून खिशात घातलं. खाडाखोड चालणार नव्हतीच.

ओव्हाळ सरांविषयी कोणाला फारसं काही माहीत नाही. मात्र गेल्या चौदा-पंधरा वर्षांत मराठी शाळांतून बाहेर पडलेल्या पुष्कळ मुलांविषयी जे काही लेखी उपलब्ध आहे, ते सरांनी लिहिलेलं आहे. हे त्या मुलांना माहीत नाही, त्यांच्या शिक्षकांना माहीत नाही, आणि सरांनीही ते कुठे सांगितलेलं नाही.

झालं असं की दोन हजार दहाच्या सुमारास वरून आदेश आला: मुलांना नुसते मार्क देऊ नका, प्रत्येक मूल काय करतं ते बघा आणि त्याची वर्णनात्मक नोंद करा. कल्पना उत्तम होती. तिच्यात एवढीच अडचण होती की एकेका वर्गात साठ मुलं होती, विषय आठ होते, सत्रं दोन होती आणि शिक्षक एक होता. सर ज्या पेठेतल्या शाळेत होते तिथल्या शिक्षकखोलीत त्या दुपारी चहा तसाच निवला. एकटे सर तेवढे शांत होते, कारण ते हे काम कोणी न सांगता सत्तावीस वर्षं करत आले होते.

त्याचं मूळ त्यांच्या वडिलांत होतं. तुकाराम ओव्हाळ खडकीच्या कारखान्यात कामाला होते आणि त्यांना वाचता येत नव्हतं. गावाकडून पोस्टकार्ड आलं की ते सुखदेवकडून वाचून घेत. मग तेच कार्ड खिशात घालून चाळीच्या टोकाला राहणाऱ्या एका कारकुनाकडे जात आणि त्याच्याकडून पुन्हा वाचून घेत. दोन्ही मजकूर जुळले तर घरी येऊन "बरं" म्हणत. नाही जुळले तर "परत वाच." पोरगा वाचतोय की ठोकून देतोय, हे स्वतःला वाचता येत नसताना कसं ओळखायचं याची इतकी सरळ परीक्षा सरांना पुढे डी.एड.लाही कोणी शिकवली नाही.

म्हणून नोकरी लागल्यावर सरांनी एक आडवी, जाड पुठ्ठ्याची वही केली. डाव्या पानावर दोन रकाने: 'काय यायला हवं' आणि 'मी काय केलं'. उजव्या पानावर एकच, मोठा: 'आलं का? कशावरून?' तिन्ही रकाने एकमेकांना ओळखत असले पाहिजेत, एवढा एकच नियम. पहिल्या वर्षी त्यांनी घड्याळ शिकवलं. फळ्यावर गोल काढले, काटे काढले, परीक्षेत पुन्हा गोलच काढून विचारलं, सगळी मुलं पास झाली. मग एका मुलीला कार्यालयाबाहेरच्या घड्याळात किती वाजले ते बघून यायला पाठवलं. ती परत येऊन म्हणाली, "सर, त्याच्यावर आकडेच नाहीत, रेघा आहेत." त्या दिवशीची तिसऱ्या रकान्यातली नोंद अशी आहे: 'आलं नाही. मला बघायचं होतं खरं घड्याळ आणि मी शिकवला खडू. मुलीचा दोष नाही.'

शेजारच्या वर्गाच्या पद्मजाबाई केळकर ही वही मागायला आल्या.

"ओव्हाळ सर, दोन दिवस द्या हो. माझ्याकडे त्रेसष्ट मुलं आहेत. त्रेसष्ट वेगळी वाक्यं मला माझ्या नवऱ्याबद्दलसुद्धा सुचली नाहीत तीस वर्षांत."

सरांनी दिली. बाईंनी अप्पा बळवंत चौकाजवळ तिची झेरॉक्स काढली. वही रुंद होती, दोन्ही पानं एका कागदावर मावेनात. बाईंनी उजवीकडची तेवढी काढली. वही परत करताना म्हणाल्या, "डावीकडे तुमची टाचणंच होती ना? नोंदी तर सगळ्या उजवीकडे आहेत."

झेरॉक्सची झेरॉक्स झाली. पुढच्या वर्षी तिची पुस्तिका झाली, 'वर्णनात्मक नोंदी: चारशे बारा तयार वाक्ये', लेखकाचं नाव नाही. मग 'सुधारित आवृत्ती' निघाली, मग ती पीडीएफ होऊन शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर गेली आणि जिथे जिथे मूल होतं तिथे तिथे पोचली. सुधारणा म्हणजे काय, तर वाक्यातलं जे कानाला बरं लागत नव्हतं ते छाटलं. सरांनी एका मुलीबद्दल लिहिलं होतं, 'फळ्यावरचं वाचत नाही, शेजारणीच्या वहीतलं वाचते. चष्मा हवा.' त्याचं झालं, 'शेजारील विद्यार्थिनीच्या वहीचे वाचन करते.' हे वाचनकौशल्यात गेलं. एका मुलाबद्दल लिहिलं होतं, 'डबा एकटाच खातो. का, ते विचारायला हवं.' त्याचं झालं, 'डबा स्वतः खातो.' हे स्वावलंबनात.

सरांनी पुस्तिका पहिल्यांदा पाहिली तेव्हा शिक्षकखोलीत बसून ती पूर्ण वाचली आणि पद्मजाबाईंना एवढंच विचारलं, "माझ्या वर्गातला तो डबेवाला मुलगा आता किती जिल्ह्यांत जेवतो?" बाईंना ते विनोदी वाटलं. नंतर सर निवृत्त झाले. सत्कारात त्यांना शाल, श्रीफळ आणि सन्मानपत्र मिळालं. सन्मानपत्रातली तीन वाक्यं पुस्तिकेतली होती.

निवृत्तीनंतर सर दोन महिने हिंजवडीला राहून आले. मुलगा अनिरुद्ध आणि सून पायल दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. सकाळी आठला कंपनीची बस, परत यायला रात्र. चौदाव्या मजल्यावरून सरांना चोवीस इमारती दिसत, पण हाक मारण्याच्या अंतरावर कोणी नसे. लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांना नमस्कार केला तर ते कानातलं यंत्र काढून "सॉरी?" म्हणत. दोन महिन्यांनी सर परत आले. पत्नी ललिता येऊ शकल्या नाहीत, कारण नात तेव्हा दीड वर्षाची होती. मंगळवार पेठ ते हिंजवडी अंतर वीस-बावीस किलोमीटर आहे. वाहतूक बघता हे अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नाही.

म्हणून रविवार. साडेदहाच्या सुमारास ललिताबाई नातीला घेऊन येत. नातीचं नाव स्पृहा, इयत्ता चौथी. तिला मराठी शाळेत घालण्याचा आग्रह सरांचा होता, आणि त्या घरात सरांचा तेवढा एकच आग्रह चाललेला होता. बाई चहा करत, सरांचे डबे उघडून बघत, "अहो, ही डाळ बुधवारची आहे" वगैरे म्हणत आणि अकराला ताडीवाला रोडला बहिणीकडे जात. पाचला परत येऊन पुन्हा एक चहा होई. मधला वेळ सर आणि स्पृहा. साडेपाचला दोघी जात. दार लावून सर कप विसळत. दोन कप आणि दुधाचा एक ग्लास. सोमवारपासून एकच कप.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी स्पृहा दप्तरातून पहिल्या सत्राचं प्रगतिपत्रक घेऊन आली.

"आबा, माझं मराठीत अ-वन आहे."

"दिसलं."

"आई म्हणाली आबांना दाखव, आबा खूश होतील."

"झालो."

"तोंड तर तसंच आहे."

"ते कायमचं आहे. पुढे वाचू दे."

श्रेणीच्या खाली वर्णनात्मक नोंद होती: 'पान उलटण्यापूर्वीच पुढील वाक्य सांगते.'

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. ते त्यांनी वैजनाथ नावाच्या एका मुलाबद्दल लिहिलं होतं. पूर्ण नोंद अशी होती: 'पान उलटायच्या आत पुढचं वाक्य म्हणतो. म्हणजे वाचत नाही, पाठ आहे. आजपासून सुरुवातीपासून.' सुधारकांनी पहिलं वाक्य ठेवलं होतं. पहिल्या वाक्यात हुशारी दिसते.

सर मनातल्या मनात हसले. कोणा दमलेल्या बाईंनी हजेरी क्रमांकाप्रमाणे वाक्यं उतरवून काढली असणार, त्यात स्पृहाच्या वाट्याला वैजनाथ आला. त्यात नवीन काही नव्हतं. पण चौतीस वर्षांची सवय. त्यांनी तिच्या दप्तरातलं मराठीचं पुस्तक काढलं.

"वाच बरं एक धडा. कुठलाही."

स्पृहाने हत्ती आणि गावच्या तळ्याचा धडा काढला. छान वाचला. आवाजात चढउतार, प्रश्नचिन्हाला भुवया वर. पान संपायला आलं. तिचा उजवा हात गुडघा खाजवण्यात गुंतला होता. पान उलटलं गेलं नाही, आणि वाक्य मात्र पुढे गेलं. पुढच्या पानावरची दीड ओळ म्हणून झाल्यावर तिने पान उलटलं.

सरांनी हळूच पुस्तक मिटलं. स्पृहा आणखी दोन वाक्यं वाचत राहिली.

"बंद का केलंत?" मग तिने विचारलं.

"शाळेत कसा वाचतात धडा?"

"बाई म्हणतात, मग आम्ही सगळे म्हणतो. मग बाई, मग आम्ही."

"आणि परीक्षेत?"

"तोच वाचायचा. सोप्पं असतं."

एका खुणेवर निकाल द्यायचा नाही, हाही सरांचा नियम. म्हणून दोघं भाजीच्या निमित्ताने मंडईत गेली. ढिगाऱ्यांत खोचलेल्या पाट्या वाचायचा खेळ काढला. टोमॅटो, भेंडी, दुधी, कोबी: चारही बरोबर. सरांना बरं वाटायला लागलं तोच त्यांच्या लक्षात आलं की ही वाचनाची परीक्षाच नाही. पाटी भाजीत खोचलेली असताना पाटी कोण वाचतो? परीक्षा भाजी ओळखण्याची झाली होती, आणि ललिताबाईंच्या नातीला भाजी ओळखता येणारच. प्रश्नपत्रिका चुकली होती, आणि ती सरांनी काढली होती.

पुढच्या गाळ्यावर योगायोगाने बरी प्रश्नपत्रिका मिळाली. गाळा माऊली नावाच्या, मांजरी गावाहून येणाऱ्या भाजीवाल्याचा. पाटीवर 'घेवडा' आणि ढीग गवारीचा.

"ही पाटी वाच."

"गवार!" स्पृहा म्हणाली.

"बराबर हाय पोरीचं," माऊली म्हणाला. "पाटी कालची हाय, पुसायची राह्यली."

"मी तिला पाटी वाचायला सांगितली होती."

"सर, गिऱ्हाईक पाटी वाचत न्हाई, माल बघतं," माऊली म्हणाला आणि पाव किलो गवार तोलून दिली. कोणी मागितली नव्हती.

घरी आल्यावर सरांनी वर्तमानपत्राचा एक तुकडा तिच्यासमोर ठेवला. चित्र नाही, ओळखीचं काही नाही. स्पृहाने तो बराच वेळ धरला. मग "आबा, मला भूक लागलीय" म्हणाली. सरांनी तिला पोहे करून दिले. त्यांना उत्तर मिळालं होतं. घरात कोणाला कळलं नाही यात नवल नव्हतं. मुलगी चुणचुणीत, एकदा ऐकलं की पाठ. मोबाइलवर ती टाइप करत नाही, बोलते, आणि मोबाइल लिहितो.

पाचला ललिताबाई आल्या. "काय म्हणतेय अ-वन?"

"ठीक आहे," सर म्हणाले.

हे त्यांनी का म्हटलं ते सांगायला हवं. अनिरुद्धला सांगितलं असतं तर त्याने तासाभरात उपाय काढला असता. तो उपायांचाच माणूस आहे. उपाय म्हटला की त्याला वार आणि वेळ लागते, आणि त्या घरात मोकळा वार एकच होता. सरांना हे गणित ताबडतोब सुटलं. स्पृहाला वाचता यायला हवं होतं, आणि रविवार हवा होता. त्यांनी ठरवलं की दोन्ही जमेल. शिकवणारा काय घरात नाही?

आडवी वही पुन्हा निघाली. पहिला रकाना: 'स्पृहाला न पाहिलेला मजकूर वाचता यावा.' दुसरा: 'रविवारी चार तास, कापलेली अक्षरं, नवे शब्द, चित्रं नाहीत.' तिसऱ्यात दर रविवारी दहा अनोळखी शब्द. पहिल्या रविवारी दहांपैकी चार आले. दुसऱ्या रविवारी चार. तिसऱ्या रविवारी पाच, तेव्हा सरांनी जिलबी आणली. चौथ्या रविवारी पुन्हा चार. दुपारी तीनला जे अक्षर तिला येई, ते पुढच्या रविवारी सकाळी तिने कधी पाहिलेलंच नसे. मधले सहा दिवस सरांपेक्षा मोठे होते. फोनवरून रोज का नाही, असं कोणी विचारेल. तेही करून झालं. फोनवर स्पृहा दीड मिनिट टिकते, त्यातलं एक मिनिट स्वतःचा चेहरा बघण्यात जातं.

चौथ्या रविवारी साडेपाचला दार लावून सर वहीशी बसले. त्या दिवशी कप विसळायचे राहिले. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, स्पृहाला वाचता यावं. दुसऱ्या रकान्यातली पद्धत मात्र 'स्पृहा दर रविवारी यावी' या उद्दिष्टाला जास्त जुळत होती. हा दोष सरांनी दुसऱ्यांच्या टाचणांत पुष्कळदा दाखवून दिला होता, थोड्या चढ्या आवाजात. त्यांनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं: 'आलं नाही. रोज पंधरा मिनिटं, शाळेत, तिच्या बाईंनीच हवीत. कशावरून? वरच्या चार नोंदी.' आणि त्याखाली: 'मुलीचा दोष नाही.'

पुढच्या रविवारी स्पृहा गॅलरीत असताना त्यांनी ललिताबाईंना सांगितलं. "तिला वाचता येत नाही."

बाई गॅसकडे तोंड करून उभ्या होत्या. "मला वाटतच होतं."

"केव्हापासून?"

"दुसरीपासून. मी मजकूर वाचते नि ती म्हणते."

"मग बोलली का नाहीस?"

बाईंनी चहात साखर टाकली, ढवळली. "बोलले असते तर क्लास लागला असता. रविवारचा." मग म्हणाल्या, "अहो, कप घ्या ना. हात भाजतोय."

त्या दिवशी त्या बहिणीकडे गेल्या नाहीत.

मंगळवारी सर दोन बस बदलून हिंजवडीजवळच्या त्या शाळेत पोचले. वर्गशिक्षिका कल्याणी, वय पंचविसाच्या आतबाहेर, आडनाव विचारायला वेळ मिळाला नाही. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं. मधल्या सुट्टीत त्या मतदारयादीचं काम करत होत्या.

"स्पृहाचे आजोबा? बसा ना काका. गोड मुलगी आहे. अ-वन आहे तिचा."

"त्याबद्दलच आलो. ही नोंद तुम्ही केलीत?"

बाई लाजल्या. मग त्यांनी ड्रॉवरमधून पुस्तिका काढली, 'अतिसुधारित आवृत्ती', कडा दुमडलेली. "खरं सांगू का काका, आम्ही सगळे ह्यातूनच घेतो. कोणी लिहिलंय माहीत नाही, पण माणूस देव आहे बघा."

"नसावा," सर म्हणाले. "स्पृहाचा हजेरी क्रमांक काय?"

"एकोणतीस."

"आणि हे वाक्य पुस्तिकेत कितवं?"

बाईंनी पान काढलं, बोट फिरवलं. "एकोणतीस," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"म्हणजे काम प्रामाणिकपणे केलंत."

सरांनी पिशवीतून आडवी वही काढून वैजनाथचं पान उघडलं. आधी उजवी बाजू, मग डावी. कल्याणीबाईंनी नोंद वाचली, पुन्हा वाचली, पुस्तिकेतलं वाक्य पाहिलं, वहीच्या पुठ्ठ्यावरचं नाव पाहिलं. मधल्या सुट्टीचा गोंगाट चालू होता.

"म्हणजे हे कौतुक नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि हिच्या बाबतीत ते खरं निघालं?"

"चुकून. बाकी सत्तेचाळीस जणांचं काय ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही."

बाईंना राग आला. येणं रास्त होतं. "काका, तुम्हाला बोलायला सोपं आहे. पोर्टलला एकच रकाना आहे, त्यातही यादीतून निवडायचं असतं. हे तीन रकाने मी भरू कुठे?"

"पोर्टलला भरायचे नाहीतच. ते तुमच्यासाठी आहेत." सर उठले. "उद्या एकच करा. पुस्तकाबाहेरच्या पाच ओळी फळ्यावर लिहा आणि एकेकाला बाहेर बोलावून वाचून घ्या. एकेकाला. बाकीच्यांना ऐकू जाऊ देऊ नका, नाहीतर दहाव्या मुलाला पाठ होईल."

गुरुवारी संध्याकाळी फोन आला. "काका, अकरा जण," कल्याणीबाई म्हणाल्या. मग त्यांनी काय ठरवलं ते सांगितलं: रोज परिपाठाआधी पंधरा मिनिटं त्या अकरा जणांसाठी, आणि जानेवारीपासून दर रविवारी दहा ते साडेबारा. इतर दिवशी खोली मिळत नव्हती.

"मी येतो की मदतीला," सर म्हणाले. त्यांनी हे जरा घाईने म्हटलं.

मुख्याध्यापकांनी नमुना पाठवला. बाहेरच्या व्यक्तीस वर्गात प्रवेश देण्यासाठी चारित्र्य पडताळणी, दोन शिफारशी, अनुभवाचे दाखले. सरांनी सगळं जोडलं. 'विद्यार्थी मूल्यमापन क्षेत्रातील योगदान' असा एक रकाना होता. त्यात 'नाही' लिहिलं. अर्ज विचाराधीन आहे.

अनिरुद्धचा फोन आला. "पप्पा, थँक्स. आम्हाला कळलंच नसतं. संडेचं काय ते मॅनेज करू आपण."

"हो. आधी वाचन होऊ दे."

व्यवस्था अशी झाली की वर्ग साडेबाराला सुटतो, जेवायला दीड, मग निघून पोचेपर्यंत तीन, पाचला परत निघायचं, आणि ललिताबाईंचा गुडघा. "दुपारून काय येणार," पायल म्हणाली, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. जानेवारीत सर स्वतः दोनदा जाऊन आले. एकदा स्पृहा झोपली होती. एकदा ती शेजारच्या इमारतीत वाढदिवसाला गेली होती, ललिताबाई तिला सोडायला. सर चौदाव्या मजल्यावर तासभर बसले, टेबलावरचं कंपनीचं माहितीपत्रक वाचलं आणि परत आले.

फेब्रुवारीत कल्याणीबाईंचा मेसेज आला. शंभर पानी वहीतल्या पानाचा फोटो, पट्टीने आखलेले तीन रकाने. तिसऱ्यात लिहिलं होतं: 'स्पृहा. अनोळखी मजकूर, सहा ओळी. दोनदा अडली. एकदा स्वतः मागे जाऊन दुरुस्त केलं.' हे वाक्य चारशे बारांत नव्हतं. सरांनी ते ताडून पाहिलं.

त्यांनी उत्तर पाठवलं: 'कशावरून?'

बाईंनी आवाज पाठवला. अठ्ठेचाळीस सेकंद. चढउतार नाही, भुवया वर गेल्याचा भास नाही, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं: "गु-रु-वारी सं-पूर्ण शहराचा पाणी-पुर-वठा बंद राह-णार असून नाग-रिकांनी... नागरिकांनी पाण्याचा सा-ठा..." मध्ये दोन ठिकाणी लांब शांतता होती. त्या शांततेत पाठ केलेलं काही नव्हतं. सरांनी बुधवारी पाणी भरून ठेवलं. गुरुवारी पाणी आलं. बातमी जुनी होती.

मार्च अखेरीस बिबवे ज्येष्ठ सभासदांची पत्रकं घेऊन आले. वार्षिक पडताळणी होती. सरांनी नऊही रकाने वाचले.

"काही बदल, सर?"

"बदल नाही."

बिबव्यांनी 'माहिती अद्ययावत व सत्य आहे' इथे सही घेतली, शिक्का मारला आणि एक प्रत सरांना दिली.

चार जानेवारीपासून रविवारी कोणी आलेलं नाही.